संकल्प, मंगळ आणि संजूची घड्याळं

चार माणसं एका खोलीत, एकाच कॉम्प्युटरभोवती वर्षभर बसली की किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपोआप साचतात. कपाटामागे धूळ साचते ना, तसेच. आजही आम्ही जुनी मंडळी फ्रीगंजच्या बाजारात पोहे खायला जमलो की कुणीतरी म्हणतंच, "तो मंगळवाला सांग ना!" मग पोहे गार होतात आणि पोहेवाला आमच्याकडे बघत बसतो.

तर आधी माणसं सांगते. शिरीषकाका आमच्या शेजारचे. बँकांमध्ये स्वेच्छानिवृत्तीची लाट आली तेव्हा पहिल्या लाटेतच काका बाहेर पडले. "सगळा देश उघडतोय आणि मी काउंटरवर शिक्के मारत बसू?" असं म्हणून त्यांनी घराच्या पुढच्या खोलीत एक कॉम्प्युटर मांडला आणि दाराबाहेर वेबसाइट बनवून मिळेल अशी पाटी लावली. त्या पाटीमुळे पहिल्या महिन्यात दोन माणसं आली. दोघांनाही झेरॉक्स पाहिजे होती.

नोकरीला आम्ही दोघं. मी, म्हणजे मीनल, नुकतीच कॉम्प्युटरची डिग्री घेतलेली. आणि संजू. संजू घरी मराठी, बाहेर हिंदी आणि कॉम्प्युटरशी दोन्ही बोलायचा. चौथे दामोदर गुरुजी. ते सकाळी राम घाटावर यजमानांची कामं उरकून दुपारी आमच्याकडे यायचे, कारण आमचं पहिलं मोठं काम होतं लग्न जुळवण्याचं!

सुमनताईंचं वधू-वर सूचक मंडळ माळव्यातल्या सगळ्या मराठी घरांना माहीत होतं. पण आता मुलं पुण्याला, बंगलोरला, थेट अमेरिकेत गेलेली. सुमनताईंना इंटरनेटवर असं पान हवं होतं, की मुलीची जन्मवेळ टाकली की मंडळातल्या सगळ्या मुलांच्या पत्रिकांशी ताडून जुळणारी नावं समोर यावीत. त्यांनी मुदतही दिली होती, "तुळशीची लग्नं लागायच्या आत पान चाललं पाहिजे. लग्नसराई सुरू झाल्यावर मला थांबता येणार नाही. मग मी इंदूरच्या कंपनीला काम देईन."

काकांसाठी हा जीवनमरणाचा प्रश्न होता. बँक काही परत घेणार नव्हती. काकूंच्या भावाची नागद्याला तेलाची मिल होती आणि त्यानं निरोप पाठवून ठेवला होता, "जिजाजींचं नाही जमलं तर आमच्याकडे हिशेब बघायला यावं, घरचीच गोष्ट आहे." काका म्हणायचे, "मेव्हण्याच्या मिलमध्ये हिशेब? त्यापेक्षा मी शिप्रेवर दिवे विकीन."

पान आम्ही बनवलं. चाललंसुद्धा. नावंही बरोबर आली. फक्त ती यायला इतका वेळ लागायचा, की माणूस काय विचारलं होतं तेच विसरून जायचा.

*

पहिला आरोपी होता टेलिफोन. तेव्हा फोनच्याच तारेवरून इंटरनेट चालायचं, त्यामुळे काहीही हळू चाललं की शिव्या तारेला. काका पंधरा दिवस टेलिफोनच्या ऑफिसात तक्रारी करत होते. आपल्या देशाची प्रगती कुठे अडली आहे हे त्यांनी तिथल्या प्रत्येक माणसाला समजावून सांगितलं.

एका दुपारी काकांनी मुलीची जन्मवेळ टाकली, बटण दाबलं आणि नेहमीप्रमाणे तारेच्या नावानं सुरू झाले. तेवढ्यात काकू आतून आल्या. काकू मुलींच्या शाळेत पी.टी. शिकवायच्या आणि त्यांच्या गळ्यात शिट्टी आणि स्टॉपवॉच कायम असायचं.

"कुणाला बोलताय?"

"या फोनच्या लाइनीला. बघ, अजून पान उघडत नाहीये."

काकू म्हणाल्या, "आत्ता? अहो, मी तर मघापासून ग्वाल्हेरला ताईशी फोनवर बोलतेय, ती अजून लाइनवर आहे."

आमच्याकडे लाइन एकच होती. काकू फोनवर असतील तर कॉम्प्युटर तारेवर असूच शकत नव्हता. पान आमच्याच कॉम्प्युटरवर ठेवलेलं, आमच्याच कॉम्प्युटरवर उघडत होतं. तारेचा काही संबंधच नव्हता!

काकूंनी मग स्वतः स्टॉपवॉच लावून पाहिलं. पान उघडल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "माझ्या मुली तेवढ्यात मैदानाला फेरी मारतात, पाणी पितात आणि परत रांगेत उभ्या राहतात."

टेलिफोनच्या ऑफिसात काका पुढे कित्येक महिने गेले नाहीत. बिल भरायला मला पाठवायचे.

*

तार निर्दोष सुटली, मग दोष कुणाचा? संजू म्हणाला, मीनलनं केलेली मुलांची यादी हळू आहे. मी म्हटलं, संजूचा पत्रिका जुळवायचा हिशेब हळू आहे. गुरुजींनी सांगितलं की शास्त्रात काही हळू नाही. काका आळीपाळीनं तिघांवरही चिडायचे.

शेवटी संजूनं टेबलावर हात आपटला. "भांडून काय होणार आहे? नापून बघू ना यार. कोण किती टाइम खाऊन राहिलं आहे, सगळं समोर येईल."

ही त्याची घड्याळांची आयडिया. शर्यतीत प्रत्येक वळणावर एकेक माणूस घड्याळ घेऊन उभा करावा तसं. कोडचा एक तुकडा सुरू होताना वेळ टिपायची, संपताना पुन्हा टिपायची, वजाबाकी करायची आणि उत्तर पानाच्या डोक्यावर छापायचं. नाडीचा तुकडा वेगळा, गणाचा वेगळा, मंगळाचा वेगळा, आणि एक मोठं घड्याळ अख्ख्या पानाला.

मला तर इतका आनंद झाला की काय सांगू! इतके दिवस अंदाजानं बोलत होतो, आता आकडा बोलणार होता.

आकडा आला. अख्खं पान, शून्य पॉइंट सहा सेकंद!

काकांनी तो आकडा पाहिला आणि थेट मिठाईच्या दुकानात पळाले. मी म्हटलंही, "काका, पण पान तर तसंच हळू उघडतंय." तर म्हणाले, "आपल्याला वाटतं गं तसं. वाट बघणाऱ्याला वेळ मोठाच वाटतो. कॉम्प्युटर कशाला खोटं बोलेल?" त्यांनी पेढे वाटले आणि सगळ्यांना दाखवायला पुन्हा बटण दाबलं. माझा पेढा संपला. संजूचे दोन संपले. पान अजून उघडायचं होतं.

मग उघडलं. वर आकडा होता, वजा शून्य पॉइंट तीन.

संजू डोळे चोळत म्हणाला, "काका, हे तर सुरू व्हायच्या पहलेच खतम झालं."

गुरुजींनी हातातला पेढा खाली ठेवला. "महाकालाच्या गावात बसून असं काही छापू नका."

घोळ मला संध्याकाळपर्यंत सापडला. कॉम्प्युटर वेळ दोन भागांत सांगायचा, पूर्ण सेकंद वेगळे आणि त्यावरचा चुरा वेगळा. संजूनं नुसता चुराच वजा केला होता. मी काकांना त्यांच्या भाषेत सांगितलं, "काका, रुपये सोडून नुसते पैसे वजा केल्यासारखं झालंय."

काका संजूकडे वळले. "बँकेत असं केलं असतंस तर दुपारच्या डब्याआधी घरी पाठवलं असतं."

"म्हणून तर बँकेत नाही गेलो, काका," संजू म्हणाला आणि उरलेला पेढा उचलला.

*

आता तो मंगळवाला.

घड्याळं दुरुस्त झाली. आकडे खरे यायला लागले. ते पानाच्या डोक्यावर असे दिसायचे: नाडी इतके, गण इतके, मंगळ ३.२. त्यापुढे सेकंद असं लिहायचा संजूला कंटाळा. आम्हाला माहीत होतं, बस.

एके दिवशी सुमनताईंनी देवासच्या एका गृहस्थांना आमच्याकडे पाठवलं. "खऱ्या मुलीची पत्रिका टाकून बघा, मला कळू दे." गृहस्थ टोपी मांडीवर ठेवून बसले. त्यांच्या मुलीचं आधीचं जुळलेलं लग्न कुणीतरी मंगळ काढून मोडलं होतं. त्यामुळे बिचारे आधीच धास्तावलेले. पान उघडेपर्यंत त्यांनी घाम दोनदा पुसला.

पान उघडलं. नावं खाली होती. त्यांची नजर वरच अडकली. मंगळ ३.२.

ते उठले आणि कोपऱ्यात बसलेल्या गुरुजींपाशी गेले. आवाज अगदी खाली आणून विचारलं, "गुरुजी, तीन पॉइंट दोन म्हणजे... कडक म्हणायचा की सौम्य?"

संजूनं टेबलाखाली डोकं घातलं, काहीतरी पडल्यासारखं. मी भिंतीकडे तोंड केलं.

गुरुजींनी डोळे मिटले, उघडले. "सौम्य. पाचपर्यंत चालतो."

त्या माणसाच्या चेहऱ्यावर जे पसरलं ते मी अजून विसरलेली नाही. त्यांनी गुरुजींना वाकून नमस्कार केला, आम्हा सगळ्यांना केला, कॉम्प्युटरलाही केला आणि गेले.

मी गुरुजींना म्हटलं, "अहो गुरुजी, ते सेकंद होते."

"मला कळत नाही होय? तिची पत्रिका मी सकाळीच पाहिली आहे. मंगळ बिलकुल नाहीये तिला. पण नाही म्हटलं असतं तर त्यांचा विश्वास बसला नसता. त्यांना आकडा पाहिजे होता."

पुढच्या आठवड्यात देवासहून आणखी दोन कुटुंबं आली. नावंबिवं काही नको होती. त्यांचं म्हणणं एवढंच, "आमच्या मुलीचापण मंगळ मोजून द्या."

*

पण खरा चोर अजून मोकळाच होता. सगळ्या तुकड्यांचे आकडे एकत्र केले तर बेरीज जेमतेम काही सेकंद. अख्ख्या पानाचा आकडा मात्र त्याच्या कितीतरी पट! मधला वेळ जातो कुठे? दिवाळी होऊन गेली होती, तुळशीची लग्नं तोंडावर होती. काका हल्ली ओरडतसुद्धा नव्हते. नागद्याचा निरोप दुसऱ्यांदा आला होता आणि या वेळी तो काकूंनी त्यांना सांगितला नाही, मला सांगितला. मला फार वाईट वाटलं. काकांचं ओरडणं परवडलं, ते गप्प बसणं नको.

मी कोड पहिल्या ओळीपासून वाचायला बसले आणि मला तो दिसला. संकल्प!

तुम्हाला माहीत आहे, आपल्याकडे कुठलंही धर्मकार्य संकल्पाशिवाय होत नाही. आज कोणतं संवत्सर, कोणता महिना, कोणती तिथी, कोणतं नक्षत्र, आपण कुठे बसलो आहोत, हे सगळं म्हणायचं आणि मग कामाला लागायचं. गुरुजींनी काम घेतानाच अट घातली होती, "पत्रिका बघण्याआधी संकल्प होईल, तरच मी नियम सांगेन." संजूनं तो इमानदारीत लिहिला होता. आजचे सूर्य-चंद्र कुठे आहेत याचं अख्खं गणित करून तिथी काढायची, नक्षत्र काढायचं, मग पत्रिका जुळवायची. आणि तो तुकडा बसला होता आत, प्रत्येक मुलामागे फिरणाऱ्या फेरीच्या पोटात. मंडळात मुलं शे-दोनशे. म्हणजे एका मुलीसाठी आमचा कॉम्प्युटर प्रत्येक मुलाआधी नव्यानं संकल्प सोडत होता!

त्यावर घड्याळ कुणी लावलंच नव्हतं. संजूला विचारलं तर म्हणाला, "पूजा आहे ना ती. पूजेला कोण घड्याळ लावतं?"

लावलं. आकडा बघून आम्ही दोघं खुर्चीतून उठून नाचलो. चोर सापडला होता! संकल्प फेरीच्या बाहेर काढायचा, सुरुवातीला एकदाच म्हणायचा, की पान पळालं!

गुरुजी म्हणाले, "नाही."

"अहो गुरुजी, तिथी तीच आहे, गाव तेच आहे. दर मुलामागे काय बदलतंय?"

"प्रत्येक पत्रिका हे वेगळं कर्म आहे. प्रत्येकाला वेगळा संकल्प. यात मी काही ऐकायचा नाही." आणि उपरणं झटकून निघून गेले. त्यांच्या परवानगीशिवाय काका एक ओळसुद्धा हलवू देणार नव्हते. "ज्या माणसाच्या शब्दावर पान उभं आहे, त्याला फसवून मला काम मिळवायचं नाही," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी राम घाटावर गेले. म्हटलं हात जोडावेत, पाय धरावेत, काहीही करावं. तर तिथे गुजरातेतून बसभर यात्रेकरू आलेले. गुरुजी पायरीवर उभे आणि समोर पाण्यात, पायऱ्यांवर, सगळीकडे माणसंच माणसं. गुरुजी खणखणीत आवाजात म्हणाले, "सब लोग हाथ में जल लीजिए। अपना-अपना नाम, अपना-अपना गोत्र मन में बोलिए।" आणि त्यांनी संकल्प सांगितला. अख्ख्या बसला मिळून एकच!

मी शेवटच्या पायरीवर उभी राहून हसत होते. गुरुजींचं माझ्याकडे लक्ष गेलं. मग समोरच्या माणसांकडे गेलं. मग पुन्हा माझ्याकडे. मी एक शब्द बोलले नाही, शपथ!

यात्रेकरू गेले, गुरुजी वर आले, तोंड पुसलं आणि म्हणाले, "सामूहिक आहे असं आधी सांगायचं ना."

*

आणि हा शेवटचा.

तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी मंडळाची कमिटी आमच्या खोलीत आली. सुमनताई, दोन सभासद आणि अध्यक्ष अण्णासाहेब. अण्णासाहेब निवृत्त न्यायाधीश. सगळं त्यांच्या हो-नाहीवर होतं. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. काकू शाळेतून अर्धी रजा घेऊन आल्या होत्या आणि दारातच उभ्या होत्या. मला माझे हात कुठे ठेवावेत कळत नव्हतं.

काकांनी एका मुलीची जन्मवेळ टाकली. "बघा हं अण्णासाहेब," म्हणाले आणि बटण दाबलं.

काकांचं बोट बटणावरून उठायच्या आत नावं समोर! इतकं सुंदर पळालं पान, की मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. संजूनं मला कोपर मारलं. काकांनी अभिमानानं मागे वळून पाहिलं.

कमिटी गंभीर होती.

"झालं?" अण्णासाहेबांनी विचारलं.

"झालं!" काका म्हणाले.

"सगळ्या मुलांच्या पत्रिका पाहिल्या यानं?"

"सगळ्या."

अण्णासाहेबांनी मान हलवली. "शिरीषराव, मी आयुष्यभर निकाल दिले. ऐकून न घेता निकाल देणाऱ्यावर माझा भरवसा नाही. पोरीच्या जन्माचा प्रश्न आहे. आमचे पत्रिका बघणारे जोशीबुवा निदान चष्मा तरी पुसायचे."

एक सभासद म्हणाले, "नावं आधीच लिहून ठेवलेली वाटतात." सुमनताईंनी पर्सची चेन लावली. ती चेन लागल्याचा आवाज मला ऐकू आला. काकांचा चेहरा पांढरा झाला. ते समजावायला लागले, घड्याळं, तुकडे, संकल्प, आणि जितकं समजावत होते तितकी कमिटी दाराकडे सरकत होती.

तेव्हा काकू दारातून म्हणाल्या, "चहा घेतल्याशिवाय कुणी जायचं नाही."

त्यांच्या आवाजाला अख्खी शाळा रांगेत उभी राहायची. कमिटी बसली. काका कप आणायला आत गेले. संजू मात्र कॉम्प्युटरकडे वळला, एक ओळ लिहिली, तिच्याखाली आणखी एक लिहिली आणि हात मागे बांधून उभा राहिला.

चहा झाल्यावर तो म्हणाला, "अण्णासाहेब, एकदा तुमच्या हातानं करून बघा ना. मघाशी घाई झाली."

अण्णासाहेबांनी नाइलाजानं बटण दाबलं. पडदा पांढरा झाला. मधोमध अक्षरं आली: "ग्रहमान पाहत आहोत. कृपया थांबावे."

आम्ही थांबलो. अण्णासाहेब पुढे झुकले. सुमनताईंनी पर्स बाजूला ठेवली. एका सभासदानं खोकला आला तो दाबून धरला. काकांना काय चाललंय ते कळलं नव्हतं. ते हातात रिकामा ट्रे घेऊन पुतळ्यासारखे उभे. मग हळूच नावं आली, तीच, त्याच क्रमानं.

अण्णासाहेबांनी खुर्चीत मागे टेकून मोठा श्वास घेतला आणि हात जोडले. "आता बरोबर. आता नीट पाहून सांगितलं यानं." सुमनताईंकडे वळून म्हणाले, "काम यांनाच द्या."

दारातून काकूंनी डोळ्यांना पदर लावला. काकांनी संजूकडे पाहिलं. संजूनं छताकडे पाहिलं. मग काकांना समजलं.

निघताना अण्णासाहेब उंबऱ्यावर थांबले. "शिरीषराव, एक राहिलं. लोक विचारतील म्हणून विचारतो. एक पत्रिका बघायला याला बरोबर वेळ किती लागतो?"

काकांनी ट्रे टेबलावर ठेवला, शर्ट सारखा केला आणि म्हणाले, "अण्णासाहेब, तुम्ही म्हणाल तेवढा."